पूर्वसंशोधनाचा आढावा : अभ्यासू तरुणांसाठी एक व्यवसाय

दरवर्षी पदवी परीक्षांचे निकाल जाहीर झाले, की ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "आता पुढे काय?" विज्ञान शाखेचा पदवीधर प्रयोगशाळेत जागा शोधू लागतो, वाणिज्य शाखेचा बँकांकडे वळतो आणि कला शाखेच्या पदवीधराला शिक्षकी पेशा व स्पर्धा परीक्षा यांपलीकडे काही वाट आहे असे सहसा कोणी सांगत नाही. वाचनाची मनापासून आवड, टिपणे काढण्याची सवय आणि दोन लेखकांच्या म्हणण्यातील फरक नेमका हेरण्याची नजर या गुणांना व्यवहारात मोल नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे. हा समज बरोबर नाही. याच गुणांवर उभा असलेला एक व्यवसाय आज औषधनिर्मितीपासून शासकीय नियोजनापर्यंत अनेक क्षेत्रांत आवश्यक मानला जातो. एखाद्या विषयावर पूर्वी झालेल्या संशोधनाचा आढावा घेणे व त्याचे विश्लेषण करणे, हे त्या व्यवसायाचे स्वरूप होय. त्याची ओळख करून द्यावी आणि त्यात शिरू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना काही उपयुक्त माहिती द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

ठाण्याचा वारसा

हे काम ठाणे शहराला नवे नाही. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. या कार्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे हे विज्ञानाचे अभ्यासक होते आणि त्यांचा व्यवसाय मिठाचा होता. अशा गृहस्थाने मराठीतील जुन्या वाङ्मयाचा शोध घेण्यात आयुष्य वेचले. कोणता कवी कोणत्या काळातला, त्याचे ग्रंथ कोणते, त्यांपैकी हाती असलेले किती आणि केवळ परंपरेने त्याच्या नावावर चालत आलेले किती, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी पोथ्या-बाडे जमवून व ताडून पाहून मांडली. त्यातूनच 'महाराष्ट्र सारस्वत' हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध झाला. आजच्या परिभाषेत सांगायचे, तर तो मराठी वाङ्मयाचा एका व्यक्तीने घेतलेला सविस्तर आढावाच होता.

या ग्रंथाची पुढील वाटचालही बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निबंधरूपाने तो प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा महानुभाव पंथाचे वाङ्मय सांकेतिक लिपीत बंदिस्त असल्यामुळे अभ्यासकांच्या आवाक्याबाहेर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाचे जुने चित्र बदलले. भाव्यांनी आपल्या ग्रंथाच्या वाढविलेल्या आवृत्तीत या नव्या सामग्रीची दखल घेतली आणि त्यांच्या निधनानंतर डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. कोणताही आढावा कायमचा पुरा होत नसतो. नवा पुरावा हाती आला की जुना निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो, हा या व्यवसायातील पहिला धडा ठाण्याच्या या विद्याव्यासंगी गृहस्थांकडून आपल्याला मिळतो.

दुसरे नाव शंकर गणेश दाते यांचे. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची आणि त्यानंतर १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची सूची त्यांनी तयार केली. कोणत्या विषयावर काय लिहिले गेले आहे हे कळण्याची सोयच नसेल, तर आढावा घेणार कशाचा? म्हणून सूचीकाराचे मूक काम हा या व्यवसायाचा पाया समजला पाहिजे.

आढावा म्हणजे नेमके काय?

अनेकांची अशी कल्पना असते, की दहा-वीस लेख वाचून प्रत्येकाचा सारांश एकाखाली एक लिहिला म्हणजे आढावा झाला. सारांश हा आढाव्याचा केवळ कच्चा माल आहे. खऱ्या आढाव्यात तीन कामे असतात. पहिले काम शोधाचे : ठरविलेल्या प्रश्नाशी संबंधित असे जे जे प्रसिद्ध झाले आहे, ते आपल्या मताला अनुकूल असो वा प्रतिकूल, सर्व गोळा करणे. दुसरे काम पारखण्याचे : कोणते संशोधन किती लोकांवर, किती काळ, कोणत्या पद्धतीने झाले आणि त्याचा खर्च कोणी केला, हे पाहून त्याचे वजन ठरविणे. तिसरे काम मांडणीचे : या सर्वांतून काय निश्चितपणे कळते, काय अर्धवट कळते आणि काय मुळीच कळत नाही, हे वाचकापुढे स्वच्छ ठेवणे. वैद्यकशास्त्रात या कामाला काटेकोर शिस्त आली आहे. ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रेन यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन १९९३ साली कॉक्रेन ही संस्था स्थापन झाली आणि तिने 'पद्धतशीर आढावा' हा प्रकार जगभर प्रतिष्ठित केला.

वाचनाने जिंकलेला एक लढा

या कामाचे महत्त्व पटण्यासाठी आपल्या देशातील एक घटना पुरेशी आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबाबत पेटंट देण्यात आले. आपल्या घरी बोट कापले की आजी हळद दाबते, हे प्रत्येक भारतीयास ठाऊक आहे. परंतु पेटंट कार्यालयापुढे आजीची साक्ष चालत नाही, तेथे छापील पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर हे महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटला आव्हान दिले आणि संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उल्लेखांसह बत्तीस संदर्भ सादर केले. भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंधही त्यांत होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. या लढ्यात नवा प्रयोग करावा लागला नाही. जुने ग्रंथ व जुनी नियतकालिके चिकाटीने धुंडाळणाऱ्यांनी तो जिंकून दिला. पुढे अशा पारंपरिक ज्ञानाची पद्धतशीर नोंद करणारे डिजिटल ग्रंथालय उभारण्याचे काम २००१ साली हाती घेण्यात आले.

दुसरी घटना याच्या उलट आहे. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका अभ्यासात हेक्झामिथोनियम हे रसायन श्वासावाटे देण्यात आले. त्यात स्वेच्छेने सहभागी झालेली, प्रकृतीने निरोगी असलेली चोवीस वर्षांची एक तरुणी फुप्फुसे निकामी होऊन मरण पावली. या रसायनामुळे फुप्फुसांना अपाय होतो, असे दर्शविणारे लेख १९५० च्या दशकातच प्रसिद्ध झाले होते. परंतु त्या वेळचा संगणकीय शोध प्रामुख्याने १९६६ नंतरच्या साहित्यापुरता मर्यादित होता आणि त्यापूर्वीचे अंक कोणी बारकाईने पाहिले नव्हते. आढाव्यातील उणीव ही नेहमीच केवळ कागदावरील उणीव राहत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

कामाची क्षेत्रे

या व्यवसायात शिरू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. 'आढावाकार' या नावाची जागा वर्तमानपत्रातील जाहिरातीत क्वचितच दिसेल. हे काम निरनिराळ्या पदनामांखाली चालते.

औषध व वैद्यकीय क्षेत्र : एखादे औषध बाजारात आल्यावरही त्याच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणे निर्मात्याला बंधनकारक असते. नव्या औषधाबाबत भारतात पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी व पुढील दोन वर्षे दरवर्षी सुरक्षाविषयक अहवाल सादर करावा लागतो. त्यासाठी जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून त्या औषधाविषयीचे उल्लेख नियमितपणे शोधून त्यांची छाननी करणारे कर्मचारी लागतात. औषधनिर्माणशास्त्र, जीवशास्त्र, परिचर्या, दंतवैद्यक वा आयुर्वेद यांतील पदवीधरांना येथे संधी असते. औषधसुरक्षा सहयोगी, वैद्यकीय लेखक, साहित्य विश्लेषक अशी त्यांची पदनामे असतात. अशी कामे पुरविणारी कार्यालये मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरात आहेत. ठाणे-वाशी लोहमार्ग झाल्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या उमेदवारांना ऐरोली व त्यापुढील कार्यालये मुंबईत न जाता गाठता येतात, ही सोयही लहान नाही.

पेटंट व औद्योगिक संशोधन : नवा शोध खरोखर नवा आहे काय, हे ठरविण्यासाठी जगातील पेटंटे व शोधनिबंध तपासावे लागतात. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिल येथे आहे. भारतीय नागरिक असलेल्या, एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या व विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान शाखेची पदवी असलेल्या उमेदवारास पेटंट अभिकर्त्याची परीक्षा देता येते. परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वी पेटंट विश्लेषक म्हणून अनुभव घेण्याचा मार्गही खुला असतो.

औद्योगिक सुरक्षितता : डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दिवशी झालेल्या स्फोटांची आठवण येथील रहिवाशांच्या मनातून पुसली गेलेली नाही. कोणते रसायन कोणत्या तापमानाला धोकादायक ठरते, कोणते दोन पदार्थ शेजारी साठवू नयेत, अन्यत्र अशाच कारखान्यांत पूर्वी काय घडले, ही माहिती बव्हंशी कोठे ना कोठे लिहून ठेवलेली असते. ती शोधून कारखान्यातील अभियंत्यापुढे वेळेवर ठेवणारा रसायनशास्त्राचा पदवीधर हा सुरक्षाव्यवस्थेचा एक आवश्यक घटक आहे.

शासन व समाजशास्त्रीय संशोधन : राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत दरवर्षी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' प्रसिद्ध होते आणि प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन तयार करण्यात येते. या खात्यात सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक व अन्वेषक अशी पदे आहेत. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था व आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तसेच पुण्याची गोखले संस्था येथील संशोधन प्रकल्पांतही सहायकांची गरज भासते. मात्र प्रकल्पातील जागा बहुधा ठरावीक मुदतीच्या असतात, हे उमेदवारांनी गृहीत धरावे.

कोश, दर्शनिका व ग्रंथालये : कला शाखेच्या पदवीधरांनी या क्षेत्राकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी विश्वकोशाची नोंद लिहिणे, ती तपासणे आणि जुनी नोंद अद्ययावत करणे हे आढाव्याचेच काम होय. राज्य शासनाचा दर्शनिका विभाग जिल्ह्यांचे गॅझेटिअर तयार करतो. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर १८८२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याची सुधारित आवृत्ती बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये निघाली. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्यांना महाविद्यालये, रुग्णालये, विधी संस्था व उद्योगसमूह यांच्या ग्रंथालयांत संदर्भसेवेचे काम मिळू शकते.

एक नमुना पाठ

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे एका परिचित उदाहरणावरून पाहू. कल्याण-डोंबिवलीला पिण्याचे पाणी उल्हास नदीतून मिळते. त्या नदीच्या पात्रात काही ठिकाणी जलपर्णी माजते, हे टिटवाळा-रायते परिसरात जाणाऱ्या कोणासही दिसते. समजा, एखाद्या संस्थेने आपल्याला विचारले : "जलपर्णीवर काय उपाय करावा?"

पहिली पायरी प्रश्न आटोपशीर करण्याची. "काय उपाय करावा" हा प्रश्न फार मोठा आहे. "वाहत्या नदीतील जलपर्णी कमी करण्याचे कोणते उपाय अन्यत्र योजले गेले आणि ते किती काळ टिकले?" असा प्रश्न मांडल्यास त्याचे उत्तर शोधता येते.

दुसरी पायरी शोधशब्दांची. जलपर्णीचे शास्त्रीय नाव पूर्वी आयकॉर्निया क्रॅसिपेस असे होते. अलीकडे तिची गणना पाँटेडेरिया या प्रजातीत होऊ लागली आहे. जो केवळ नव्या नावाने शोध करील, त्याच्या हातून अनेक दशकांचे संशोधन निसटेल. गावांच्या नावांचेही तसेच आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ठाण्याचे स्पेलिंग 'ठाणा' किंवा 'टाना' असा उच्चार होईल असे केलेले आढळते. म्हणून प्रत्येक शब्दाची सर्व रूपे आधी वहीत लिहून काढावी आणि मगच शोधास आरंभ करावा.

तिसरी पायरी निवडीची. कोणते लेख घ्यायचे व कोणते सोडायचे, याचे नियम वाचनापूर्वी ठरवावे लागतात. वाचून झाल्यावर नियम केले, तर मनाजोगते लेख आत आणि नावडते बाहेर, असे नकळत घडते. कोणत्या दिवशी, कोठे, कोणत्या शब्दांनी शोध केला आणि किती लेख मिळाले, याची नोंद ठेवावी. दुसऱ्या कोणी तोच शोध केला, तर त्यालाही तेच लेख मिळाले पाहिजेत.

चौथी पायरी तक्त्याची. प्रत्येक लेखासाठी एक ओळ करावी : ठिकाण, वर्ष, उपाय, पाहणीचा कालावधी, परिणाम आणि उणिवा. असा तक्ता भरू लागले, की विखुरलेल्या माहितीला आकार येतो. उदाहरणार्थ, जलपर्णी खाणारे भुंगेरे १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात आणून बंगळूर येथे सोडण्यात आले व तेथे त्यांचा चांगला उपयोग झाला. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकात हा उपाय योजला गेला. यंत्राने वा हाताने वनस्पती काढल्यास पात्र लगेच मोकळे होते, परंतु तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहत असल्याने ती पुन्हा वाढते.

पाचवी पायरी निर्णयाची. बंगळूरची पाहणी तलावांतील आहे, आपली नदी पावसाळ्यात दुथडी वाहते. मग तेथील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू होईल काय? शिवाय सांडपाण्यातील पोषकद्रव्ये नदीत येत राहिली, तर कोणताही उपाय पुरा पडणार नाही, ही गोष्ट निरनिराळ्या देशांतील अनुभवांतून दिसते. विश्लेषकाने हे सर्व तोलून लिहावयाचे असते. "अमुक उपाय हमखास" असे एक वाक्य लिहिणे सोपे आहे. "अमुक उपाय इतक्या मर्यादेत उपयुक्त, मात्र सांडपाण्याची व्यवस्था त्याबरोबर झाली पाहिजे" असे लिहिण्यासाठी अभ्यास लागतो आणि त्या अभ्यासासाठीच त्याला वेतन मिळते.

आकड्यांशी सावधपणा

आकड्यांच्या तुलनेत होणारी एक ठळक चूक येथे सांगितली पाहिजे, कारण ती प्रस्तुत लेखकाच्या हातूनही झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी टिपण तयार करताना ठाणे जिल्ह्यातील आदिवासी लोकसंख्येचे २०११ च्या जनगणनेतील प्रमाण एका जुन्या प्रकाशनातून घेतले आणि ते अलीकडच्या योजनांच्या आकड्यांशेजारी ठेवले. जिल्ह्यात आदिवासी लाभार्थींची संख्या एकाएकी घटली आहे, असे चित्र त्यातून उभे राहिले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टिपण वाचून एवढेच विचारले, "यात पालघर धरले आहे का?" १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे आदिवासीबहुल तालुके ठाणे जिल्ह्यातून वेगळे झाले. लाभार्थी घटले नव्हते, जिल्ह्याची सीमा बदलली होती. ते टिपण त्याच स्वरूपात पुढे गेले असते, तर त्यावर बेतलेल्या निर्णयाची झळ कोणाला लागली असती, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेबाबतही अशीच काळजी घ्यावी लागते. १९८३ साली अस्तित्वात आलेल्या या महानगरपालिकेतून सत्तावीस गावे २००२ मध्ये वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट करण्यात आली. त्यामुळे "शहराची लोकसंख्या वाढली" असे म्हणण्यापूर्वी कोणते शहर, कोणत्या वर्षाचे, हे विचारले पाहिजे. त्यातच २०२१ साली व्हावयाची जनगणना तेव्हा झाली नाही. म्हणून २०११ नंतरचे अनेक आकडे हे अंदाज असतात. ते अंदाज म्हणूनच सांगितले पाहिजेत.

तयारी कशी करावी?

या व्यवसायास चार गोष्टींची पूर्वतयारी लागते. पहिली, एका विषयाचे पक्के ज्ञान. सर्व विषयांचे थोडेथोडे ज्ञान येथे फारसे उपयोगी पडत नाही. दुसरी, इंग्रजीतील शोधनिबंध समजून घेण्याची क्षमता आणि मराठीत शुद्ध व मोजके लिहिण्याचा सराव. इतिहासाकडे ओढा असणाऱ्यांनी मोडी लिपी शिकून घ्यावी. तिसरी, संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख. सरासरी, नमुन्याचा आकार व योगायोगाची शक्यता यांचा अर्थ कळल्यावाचून कोणत्याही संशोधनाचे वजन करता येत नाही. चौथी, संदर्भ नोंदविण्याची शिस्त.

साधनांची आज वाण नाही. वैद्यकीय शोधनिबंधांची 'पबमेड' ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात वाचता येतात. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य शासनाच्या उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली. आपली संस्था या योजनेत येते किंवा कसे, याची चौकशी विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांकडे करावी.

छापील साहित्यासाठी तर आपल्या परिसरासारखी अनुकूलता थोड्याच ठिकाणी असेल. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा उल्लेख वर आलाच आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे. ठाण्याचे जोशी-बेडेकर व बांदोडकर महाविद्यालय, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय येथील ग्रंथालये विद्यार्थ्यांच्या हाताशी आहेत. पुढे संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्या पात्र उमेदवारांसाठी बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांमार्फत अधिछात्रवृत्ती देण्यात येतात. त्यांच्या अटी व मुदती वेळोवेळी जाहीर होत असल्याने मूळ जाहिरात स्वतः वाचावी.

यंत्र आणि माणूस

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यामुळे हे काम माणसाच्या हातून जाईल काय, अशी शंका पालक बोलून दाखवितात. ही साधने शोधाचा वेळ वाचवितात, हे खरे आहे. परंतु ती कधी कधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ हुबेहूब खऱ्यासारखे रचून देतात. न्यूयॉर्कमधील एका दाव्यात अशा साधनाने रचलेले बनावट न्यायनिर्णय वकिलांनी न तपासता न्यायालयात दाखल केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. मूळ लेख उघडून, संबंधित पान वाचून, "होय, येथे असे लिहिले आहे" असे स्वतःच्या नावाने सांगणारा माणूस यापुढेही लागणारच. किंबहुना, त्याची जबाबदारी वाढली आहे. केवळ मजकूर गोळा करून देणाऱ्याचे काम मात्र यंत्र घेईल, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

दोन गैरमार्गांपासून तरुणांनी दूर राहावे. "घरबसल्या संशोधनाचे काम" असे सांगून आधी अनामत रक्कम मागणाऱ्या जाहिरातींना बळी पडू नये. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या पदवीसाठी प्रबंध लिहून देण्याचे काम कितीही मोबदला मिळत असला तरी स्वीकारू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम केले आहेत. आणि नियमांची गोष्ट बाजूला ठेवली, तरी ज्या व्यवसायाचे सारे भांडवल विश्वास हेच आहे, त्याचा आरंभ असत्याने करणे शहाणपणाचे नाही.

आरंभ आजपासून

या क्षेत्रात पहिली नोकरी मिळविताना अनुभवाचा प्रश्न उपस्थित होतोच. त्यावर एक उपाय प्रत्येकाच्या हाती आहे. आपल्या गावाचा, आपल्या विषयातला एक लहानसा प्रश्न निवडावा. ठाणे खाडीतील मिठागरांचे काय झाले, कल्याणच्या जुन्या बंदराविषयी कोणी काय लिहिले आहे, डोंबिवलीतील हवेच्या प्रदूषणाच्या कोणत्या पाहण्या झाल्या, असा कोणताही प्रश्न चालेल. चार-पाच सुट्ट्यांचे दिवस ग्रंथालयात घालवून, वर सांगितलेल्या पायऱ्यांनी पाच पानांचा आढावा लिहावा. त्यात शोधाची नोंद, तक्ता आणि प्रामाणिक निष्कर्ष असावा. आपल्या प्राध्यापकांना तो दाखवून चुका दुरुस्त कराव्या आणि मुलाखतीस जाताना प्रमाणपत्रांच्या जोडीला तो सोबत न्यावा. उमेदवार काय शिकला हे प्रमाणपत्रावरून कळते. तो कसा वाचतो व कसा विचार करतो, हे या पाच पानांवरून कळेल. दिवसाचा धंदा सांभाळून वि. ल. भावे यांनी मराठी वाङ्मयाचा शोध घेतला. त्यांच्याच ठाण्यात आणि शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत आज शिकणाऱ्या तरुण-तरुणींना असा शोध हाच उपजीविकेचा मार्ग करता येण्यासारखा आहे. त्यांनी या संधीकडे अवश्य लक्ष द्यावे.